उत्तराचा स्वार

“तलवारच राहणार,” विनय म्हणाला. “परदेशी टोळ्या गाव जाळत येतात, सामुराई तलवार काढतो, बस. धनुष्यबाण बघायला कोण गेम विकत घेणार?”

उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या या कंपनीने तिला घेतलं होतं ते जपानी युद्धांची जाणकार म्हणून. आणि तिच्या मॅनेजरला नेमकं तेच ज्ञान नको होतं.

“सामुराई शेकडो वर्षं मुळात घोडेस्वार धनुर्धर होते, विनय. भरधाव घोड्यावर लगाम सोडायचा, शत्रूला डाव्या हाताला ठेवायचं, अगदी जवळ जाऊन चिलखताच्या फटीत बाण मारायचा. लढाई त्यावर ठरायची. तलवार निघायची बाण संपल्यावर. तू दाखवतोयस ते साफ खोटं आहे यार.”

“तुझी पॅशन कळते मला,” विनय हसून म्हणाला. ऑफिसात कुणी असं हसून बोललं की समजावं, काम होणार नाही.

हे तिचं पुस्तकी ज्ञान नव्हतं. दर शनिवारी अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून ड्राइव्ह करून ती डोंगरापलीकडच्या तबेल्यात जायची आणि एका जपानी गुरूंकडे याबुसामे, म्हणजे धावत्या घोड्यावरून बाण मारायची जुनी विद्या, शिकायची. त्यापायी खांद्याचं हाड मोडून घेतलं होतं. आई फोनवर विचारायची, हे सगळं कशासाठी गं? खरा सामुराई जगाला एकदा तरी दिसावा, एवढंच तिला हवं होतं.

उन्हाळाभर ती भांडली. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार होता, तरी तिने राजीनाम्याची भाषा केली. तेव्हा कुठे विनयने हात टेकले.

“जिंकलीस तू. धनुर्धर घेतोय. सगळं तू म्हणशील तसं. फक्त तूच करून दाखव, आम्ही रेकॉर्ड करतो.”

स्टुडिओत अंगभर हालचाली टिपणारे पांढरे गोळे चिकटवून ती लाकडी घोड्यावर चढली. रिकिबीत उभी राहून तिने जीव ओतून बाण मारले. कॅमेऱ्यांमागून विनय शेवटी म्हणाला, “आता एकदा घोड्यावरून पडून दाखवशील?”

“लढाईत माणसं पडणारच,” ती म्हणाली आणि तेही मन लावून केलं.

गेमची पहिली झलक दाखवायला कंपनीने आख्खं थिएटर घेतलं. उत्तरा साडी नेसून गेली. विनयने तिला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं.

अंधार झाला. पडद्यावर धुळीतून घोडा भरधाव आला. स्वाराने लगाम सोडला, रिकिबीत उभं राहून डावीकडे धनुष्य ओढलं. खांदे तिचेच होते, मान वळवणंही तिचंच. उत्तराचे डोळे भरून आले. घरी गेल्यावर आईला फोन लावायचा, तिने ठरवलं.

बाण सुटला. दारात उभी असलेली एक जपानी म्हातारी कोसळली, आणि स्वारामागून परदेशी टोळी गाव जाळत आत शिरली.

मग सामुराई आला. पायी, हातात नुसती तलवार. एकाच घावात त्याने उत्तराचा स्वार घोड्यावरून खाली पाडला, आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवत उठलं.