एका दिवसाची रजा

सव्वीस वर्षांनी मुलगा भेटायला आला, तेव्हा लॉर्ड हेमिश कुणालाच ओळखत नव्हते.

रॉरी दारातच थबकला. वल्लरीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. न्यूझीलंडमधल्या हॉर्नबीच्या या वृद्धाश्रमात ती दोन वर्षं हेमिशची शुश्रूषा करत होती. कुणी नवीन आलं की ती कौतुकाने सांगायची, हे स्कॉटलंडचे सरदार, राजवाड्यात चाकरीला होते, शाही मेजवानीत राणीच्या खुर्चीमागे उभे राहायचे. रॉरीलाही तिने तेच सांगितलं. त्याचा चेहरा कडवट झाला.

मग कॉरिडॉरमध्ये, हातातली कॉफी न पिताच, तो बोलला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई तीन दिवस मरत होती आणि शुद्ध आली की एकच विचारत होती, हेमिश निघाला का? हेमिश आले नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. त्याच सकाळच्या पेपरात वडलांचा फोटो होता. छातीवर पदकं, मेजवानीत ताठ उभे. त्यांनी कारण कधी सांगितलं नाही. रॉरीनेही विचारलं नाही. मोठा झाल्यावर बोलणंच टाकलं. मग म्हातारा होतं नव्हतं ते विकून इकडे न्यूझीलंडला येऊन राहिला. आता डॉक्टरांनी बोलावलं म्हणून रॉरी आला होता. कागदांवर सह्या करून परत जाणार होता.

दुपारी गरम वारा सुटला, खिडक्या थडथडू लागल्या. हेमिश पांघरूण सारून उठायची धडपड करू लागले. हे रोजचंच होतं. वल्लरीकडे पाहत ते म्हणाले, "साहेब, एका दिवसाची रजा द्या."

तिने सवयीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या बघू हं, हेमिश."

घरी जायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला असंच सांगायचं, हे तिला इथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. एरवी एवढ्यावर ते गप्प व्हायचे. आज त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"कालही आपण हेच म्हणालात, साहेब. परवाही. माझी बायको मरतेय. पोरगा लहान आहे. एकटाच बसलाय तिच्यापाशी."

दोन वर्षं, रोज, वल्लरी या माणसाला काय सांगत आली होती! मागे वळून रॉरीकडे बघायची तिची हिंमत होईना.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रॉरी पुढे आला. त्याने कोटाची बटणं लावली आणि पलंगाच्या पायथ्याशी, दरबारातल्या माणसासारखा, ताठ उभा राहिला.

"रजा मंजूर आहे," तो म्हणाला. "लगेच निघा. मुलगा वाट बघतोय."