दुसरी वाटी

अंगणवाडीत सगळ्या पोरांना सुकडीची एकेक वाटी मिळायची, तानुबाईच्या पोरीला मात्र दोन. दाराला टेकून भिकुबाई रोज ती दुसरी वाटी बघायची आणि तिच्या पोटात दुखायचं. तानुबाई काय सेविकेची सख्खी बहीण लागून गेली?

शिंदखेड्याहून सुपरवायझर बाईंची जीप आली, तशी भिकुबाई आपल्या गुटगुटीत पोराला काखोटीला मारून सगळ्यांच्या आधी पोचली.

"तिनी पोरले दोन वाट्या, मना पोऱ्याले एकच. हाई कोठला न्याव शे, बाई?"

बाईंनी तानुबाईच्या पोरीला आढ्याला टांगलेल्या वजनकाट्याच्या झोळीत बसवलं, काटा बघितला आणि सेविकेला म्हणाल्या, "हिची दुसरी वाटी आजपासून बंद करा."

आपणच ती बंद करवली, असं भिकुबाईने घरी पोचेपर्यंत चार बायकांना सांगितलं.

संध्याकाळी तानुबाई पोरीला घेऊन तिच्या दारात आली. भिकुबाईने भांडायला पदर खोचला. तानुबाईने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"तोंड गोड कर, अक्का. दुसरी वाटी अशक्त पोरेसलेच देतस. रोज तुना पोऱ्याकडे देखू आन् मना जीव जळे. आज मनी पोरनं वजन भरनं."

कडेवरची पोर हसली. तिच्या गालावर काजळाची ताजी, ठसठशीत तीट होती.

"आजपावत तीट कधी लाईच नही," तानुबाई म्हणाली. "तिले कोनी नजर लागनार व्हती?"