मधला सर्व्हर

मागच्या खोलीत लेक सकाळपासून लॅपटॉपशी झटत होती. आईने चहा ठेवत विचारलं, "सुटलं का गं एकदाचं?"

"सुटलं. आमच्या सर्व्हरने थेट पाठवलेली मेल पुढचे सर्व्हर घेतच नव्हते. आता मधे एक रिले सर्व्हर ठेवलाय. त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. आमची मेल तोच पुढे पोचवतो."

"जशीच्या तशी?"

"अगं, अक्षर बदलत नाही."

"सुखी आहे बिचारा."

लेक हसली नाही. "बाबांना सांग, उद्या मी नव्या नोकरीवर निघतेय. त्यांच्या परवानगीवाचून माझं काही अडलेलं नाही."

आई गुडघ्यांवर हात टेकत उठली. या दोन खोल्यांमधल्या येरझाऱ्यांनीच ते झिजले होते. पुढच्या खोलीत जाऊन ती म्हणाली, "उद्या निघतेय ती. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या म्हणतेय."

"गेलीस की पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणावं तिला."

आई मागे आली. "पोचलीस की फोन कर म्हणाले."

लेकीचे डोळे भरून आले. "करीन. पोचल्या पोचल्या फोन करीन म्हणावं."

कित्येक वर्षांनी आईला एक निरोप जसाच्या तसा पुढे नेता आला.