एम्मेट पर्डीची वही

रविवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी एम्मेट पर्डी हार्लन रासमुसेनशेजारी गवताच्या गठ्ठ्यावर बसला आणि त्याने गुडघ्यावर वही उघडली.

हार्लनच्या बायकोने, ट्विलाने, ते कुंपणापलीकडून पाहिलं. ती घोडीच्या पायांवरच्या पट्ट्या सोडत होती. रात्रीच्या पावसाने मैदान निसरडं झालं होतं. सरावात घोडी दोनदा घसरली, तेव्हा घोड्यावरून पिंपांना वळसे घालायच्या शर्यतीतून नाव काढून घ्यायचं तिने ठरवलं होतं.

गठ्ठ्यावर हार्लन हातवारे करत, हसत बोलत होता. पर्डी लिहीत होता.

"दिसलं ना?" शेजारी खोगीर आवळणारी डोरीन म्हणाली. "माझा नवरा असता तर कॉलर धरून उठवला असता मी."

पर्डीचं स्वतःचं कुरण होतं, दीडशे गुरं होती. मोंटानातल्या लहानसहान रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या खेळांत, स्वार उधळत्या बैलांवर बसायच्या आधी त्याची गिटार वाजायची. गाणी रोडिओतल्या माणसांची, गोष्टी त्यांच्याच. एक नियम तो पाळायचा. गाण्यात नाव यायचं ते मेलेल्याचंच. गोष्टी मात्र तो माणूस जिवंत असताना गोळा करायचा. गेल्या जूनमध्ये तो लायल बॉइडशी तासभर बोलला आणि चौथ्या दिवशी लायल बैलाखाली गेला. त्याच्या आदल्या वर्षी कर्टिस मॅबी. तेव्हापासून वही दिसली की भलेभले स्वार टोपी डोळ्यांवर ओढून काढता पाय घेत.

हार्लनच्या वाट्याला त्या दिवशी काळा डीकन आला होता. या हंगामात त्या बैलावर, गुण मिळवायला लागतात ती आठ सेकंद, कोणीच टिकलं नव्हतं.

पर्डी उठून गेल्यावर ट्विला नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू आज बसायचं नाहीस."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगते."

"वहीला घाबरलीस होय!" हार्लन हसला. "अगं, म्हाताऱ्याला बघून सगळे पळतात. मी बसलो बिचाऱ्याजवळ घटकाभर, एवढंच."

"लायलही हेच म्हणाला होता."

हार्लनचं हसू मावळलं. "ट्विला, आज बाबांच्या नावाचा चषक आहे. पहिलंच वर्ष. रासमुसेनांचं नाव भोंग्यावर पुकारलंच गेलं नाही तर आईला काय तोंड दाखवू?"

"पुकारलं जाईल. मी धावते."

"घोडी घसरते म्हणालीस ना मघाशी?"

"वळणावर आवरेन तिला. तू बैल सोड."

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. सोडलेली पट्टी ती बोटांभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळत होती.

"इतकी घाबरलीस?"

"हो."

दोन वाजून दहा मिनिटांनी हार्लनने नोंदणीच्या खिडकीशी जाऊन आपलं नाव काढलं. कारकुनाने त्यावर रेघ मारली. कठड्यावर बसलेल्या पोरांनी सोडलं नाही.

"काय रे, बायकोने बांधून ठेवलं का?"

"ठेवलं ना," हार्लन म्हणाला. "आणि गाठ तुमच्यापेक्षा चांगली मारते ती."

ट्विला घोडीच्या पायांना पुन्हा पट्ट्या बांधून पर्डीला शोधत गेली. तो आपल्या ट्रकमागे गिटारच्या तारा लावत होता.

"हार्लन बैलावर बसत नाहीये," ती म्हणाली.

"ऐकलं."

"त्याच्यावर गाणं करायचं नाही तुम्ही."

"नाही करणार."

"शब्द द्या."

"दिला, पोरी."

त्याने तो फारच चटकन दिला. भांडायच्या तयारीने आली होती ती.

"तू धावतेस म्हणे," पर्डी म्हणाला.

"हो."

"मैदान ओलं आहे."

"माहीत आहे मला."

पर्डीने टोपी काढली. ट्विला पाठ फिरवून लांब जाईपर्यंत त्याने ती परत डोक्यावर घातली नाही.

ट्विलाला सकाळपासून पहिल्यांदाच भूक लागली. डोरीनच्या डब्यातलं अर्धं सँडविच तिने उभ्याउभ्याच खाल्लं.

या गावी बैल आधी असतात आणि बायकांची शर्यत शेवटी. तीन वाजता काळा डीकन स्वाराविना मैदानात सोडला. त्याने एका धडकेत कुंपणाची फळी मोडली आणि मग रिकाम्या वाळूत गरगर फिरत उड्या मारत राहिला. लोक हसले. ट्विला मनात आकडे मोजत होती. आठ झाले तेव्हा तिने हार्लनचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिची पाळी शेवटून दुसरी होती. आधीच्या तिघींनी मैदानातल्या तीन पिंपांना वळसे घालून घोडे पिटाळले आणि वाळूचा चिखल करून ठेवला. फाटकाशी घोडी अंग झाडत होती, म्हणून हार्लनने लगाम तोंडाशी धरून ठेवला होता. तिला हसवायचा त्याचा प्रयत्न चालला होता.

"म्हाताऱ्याचा मला खरं तर रागच आलाय," तो म्हणाला. "पाऊण तास घसा कोरडा केला मी, पण पठ्ठ्याने माझ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तुझं जन्मगाव कुठलं, तू पहिल्यांदा घोड्यावर कधी बसलीस, चूल पेटवताना काय गुणगुणतेस. सगळं तुझंच."

भोंग्यावर ट्विला रासमुसेनचं नाव पुकारलं गेलं. हार्लनने लगाम सोडला. ती मागे वळून काही विचारणार, तोवर घोडी फाटकाकडे झेपावली होती.

तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी फाटक उघडलं.