कॅरव्हॅनची टाकी

बायको वारल्यापासून रंगरावांनी सुलतानपूरची शीव ओलांडली नव्हती. लेक भाड्याची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन आली, "बाबा, चला समुद्र पाहू," म्हणाली. "मी नाही येत," ते म्हणाले. तोंड पाडून ती निघायच्या तयारीला लागली. गाडीतल्या संडासाची टाकी घरच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करायला तिनं पाइप जोडला आणि आधी भांडी धुतलेल्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह धरला. रंगरावांना राहवेना. "थांब पोरी! आधी संडासची टाकी सोड, मंग भांड्याचं पाणी. म्हंजे पाइप धुतल्या जाते." हातमोजे चढवून त्यांनीच काम उरकलं, थेंबही सांडला नाही. "बाबा, तुमच्याबिगर वाटंत हे कोण करन?" "बापाले संडास साफ कराले नेऊन राह्यली का?" "हाव!" रंगराव खदखदून हसले. घरातून आपल्या कपड्यांची पिशवी घेऊन आले. "गाडीत साबन हाय का? तुह्या मायनं पह्यलं हेच इचारलं असतं."