चहाचा डाग

सागरने धोटा तिसऱ्यांदा हाणला आणि सुमितच्या मनगटाचं हाड मोडलं. आवाज खोलीभर ऐकू आला. धोटा म्हणजे लूमवर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. माणसावर चालवायची ती वस्तू नव्हे.

"सांडलास की नाही?"

"सांडला," सुमित म्हणाला. "मीच सांडला, सागरशेठ. आता नका मारू."

"बघा पप्पा, कबूल झाला."

पंढरीशेठ खुर्चीत बसून होते. त्यांनी नुसती मान हलवली.

टेबलाशी रूपा होती, हातात सोल्डरिंग आयर्न. कॉम्प्युटर दुरुस्त करायला म्हणून तिला बोलावलं होतं, आणि आल्यापासून ती हेच बघत होती. पुढ्यात पस्तीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. कीबोर्डच्या पेटीतच सगळं, टीव्हीला जोडायचा, तेव्हा लोक घरात पोरांना गेम खेळायला घ्यायचे तसला. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या या कारखान्यात साडीच्या काठाच्या नक्षीची, लूमला लावायची भोकांची कार्डं अजून त्याच्यावरच पंच होत. सकाळी तो सुरूच झाला नाही. सागरने झाकण काढलं, तर बोर्डावर तपकिरी चिकट डाग. या टेबलाशी बसून चहा पितो कोण? कार्डं पंच करणारा कामगार, सुमित. झाला निकाल, वकील नको आणि साक्षीदार नको.

रूपाने डागाला गरम आयर्न टेकवलं. चहाचा वास आला नाही. कुजक्या मासळीचा आला, असा की पंढरीशेठांनी नाकाला रुमाल लावला.

"शेठ, हा चहा नाही," ती म्हणाली. "बोर्डावरचे हे छोटे डबे, कपॅसिटर, गळलेत. जुने झाले की बुडातून असं पाणी सोडतात. हे बघा, खालचं तांबं हिरवं पडलंय. एका दिवसात होत नाही हे, वर्षं लागतात. याने काही केलेलं नाही."

सागर धोटा धरून तसाच उभा राहिला. पंढरीशेठ मात्र हिशेबी माणूस. ते म्हणाले, "मागच्या दिवाळीत तूच तपासले होतेस ना? सगळे चांगले आहेत म्हणालीस."

रूपानेच तपासले होते. कपॅसिटर खरा मोजायचा तर त्याचा एक पाय बोर्डातून सोडवावा लागतो. जागच्या जागी मोजला तर शेजारचे त्याचं पाप झाकतात आणि मीटर चांगला दाखवतं. चाळीस कपॅसिटर होते, तिला घरी जायची घाई होती, तिने एकाचाही पाय सोडवला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच. संन्यासी भिंतीशी हात धरून बसला होता, आणि ही इथे खुर्चीवर.

पंढरीशेठ उठले. त्यांनी दाराला कडी घातली.

"त्याचं हाड मोडलंय, रूपा. चहा सांडला असेल तर रागाच्या भरात झालं, मिटवता येतं. सांडलाच नसेल तर आम्ही कसाई ठरलो. आणि तू कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस? अख्ख्या भिवंडीत तुझ्या हातात कोण मशीन देईल मग? चहाच होता म्हण आणि जा घरी."

सोपं होतं. दोन शब्दांचं काम. खोटं कशाला सांगा, म्हणून टाकावं असं रूपाच्या मनात आलंही. पण सुमितच्या मनगटावर सूज चढत चालली होती आणि तिला स्वतःचीच शरम वाटत होती.

"चहा नव्हता," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी नीट तपासलं नाही. चौकीवर विचारलं तर मी हेच सांगणार."

सागरने धोटा तिच्या तोंडावर मारला. ओठ फाटला, पुढचा दात हलला, रक्त हनुवटीवरून कुर्त्यावर गळायला लागलं. दुसरा फटका पंढरीशेठांनी अडवला, म्हणाले, "बाईमाणूस आहे, पुरे."

रूपा टेबलाचा आधार घेत सुमितपाशी गेली आणि त्याच्यासमोर बसली.

"ऐकलंस ना? तू काहीच केलेलं नाहीस. मी तुझ्याबरोबर येते. दवाखान्यात येते, चौकीवर येते. तू फक्त खरं ते सांग."

सुमितने मोडका हात पोटाशी घट्ट धरला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो सागरच्या हाताकडे बघत होता.

"चाच व्हता, ताई," तो म्हणाला. "मीच सांडला."