रक्ताच्या रकान्यातली रेघ

“परत उमटली!” चिकट्या ओरडला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

समोरच्या जेलच्या पातळ वडीवर एकेका अवयवाचा एकेक रकाना होता; शोधलेलं जनुक जिथे जागं, तिथेच रेघ उमटायची. यकृत, मेंदू, मूत्रपिंड, हृदय, सगळे कोरे करकरीत. वारेच्या रकान्यात मात्र ठसठशीत रेघ. इथवर सगळं झकास. पण शेजारी रक्ताच्या रकान्यातही एक बारीक रेघ चमकत होती, आणि तिनंच घात केला होता.

चिकट्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. माणसाच्या शरीरातल्या एका नव्या एन्झाइमच्या जनुकामागे तो वर्षानुवर्षं हात धुऊन लागला, म्हणून लॅबनं बहाल केलेली ती पदवी. जनुक सापडलं. ते फक्त पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या वारेतच जागं असतं, बाकी कुठ्ठे म्हणून नाही, असं त्यानं छातीठोकपणे लिहूनही टाकलं. उद्या पेपर छापायला जायचा होता. दुसरी एक लॅब त्याच जनुकाच्या मागावर होती. आणि आता ही रेघ!

“हात नीट धुतलेस ना?” सरांनी विचारलं.

“सर, हात धुतले, हातमोजे बदलले, पाणी बदललं. आता चामडी तेवढी बदलायची राहिलीय.”

“रक्तातही निघालं, तर ‘फक्त’ हा शब्द खोडावा लागेल. मग पेपरात उरलं काय, कपाळ?” सर तोंड वाकडं करून निघून गेले.

नमुन्याचं रक्त पुरवायचं काम चिकट्याच्या बायकोचं. ती पलीकडच्याच टेबलावर बसायची. निरोगी माणसाचं म्हणून लॅबमधल्याच कुणाचं तरी रक्त घ्यायचं, पण कुणाचं ते विचारायचं नाही, असा तिथला दंडक होता. एकदा सरांच्या कोलेस्टेरॉलची कँटीनभर चर्चा झाली, तेव्हापासूनचा.

“तुझ्या नळीतच घोळ आहे,” चिकट्या तिच्यावर उखडला.

“माझ्या नळ्यांना नावं ठेवायची नाहीत हं!” ती आतल्या खोलीत गेली आणि ताजी नळी घेऊन आली. नळी अजून कोमट होती. बाईसाहेब गुणगुणतही होत्या.

“इथे माझ्या जिवाचं पाणी पाणी होतंय, आणि तुला गाणी सुचतायत?”

“रडू का मग?”

ताज्या रक्तातही रेघ उमटलीच, आधीपेक्षा ठळक. चिकट्याचा चेहरा पडला. बायकोनं फ्रीजरमधून एक जुनी नळी काढली.

“ही गेल्या महिन्यातली. लावून बघ.”

“त्याच माणसाची?”

“अगदी त्याच.”

चिकट्यानं तीही लावली. रकाना कोरा! तो आधी आनंदानं उडालाच, मग दोन्ही नळ्यांवरच्या तारखा पुन्हा वाचू लागला. राग कुठल्या कुठे पळाला.

“अगं, गेल्या महिन्यात नव्हतं आणि आता आहे? म्हणजे त्या माणसाला काहीतरी झालंय! पेपर गेला खड्ड्यात. आधी त्याला डॉक्टरकडे पाठव.”

“कालच जाऊन आलाय तो माणूस.”

“मग? काय म्हणाले डॉक्टर?”

“आता जन्मभर सुटका नाही म्हणाले.”

“अरेरे!” चिकट्या मटकन स्टुलावर बसला. त्याला खरंच वाईट वाटलं. आपल्यातलंच कुणीतरी, रोज सोबत चहा पिणारं, आणि आपण मात्र एका शब्दासाठी रडत बसलोय! “कोण गं तो बिचारा? तुझा तो दंडक घाल चुलीत, नाव सांग.”

बायकोनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“पेपर पाठव बिनधास्त. तुझं जनुक फक्त वारेतच जागं असतं; रक्तात उतरलंय तेही तिथूनच,” ती म्हणाली. “आणि रक्त माझं आहे.”